गिब रिव्हर रोडवर कॅनव्हासचा स्वॅग: एका कोरड्या हंगामाचा अनुभव

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्लीतल्या घळी पाहायच्या तर मे ते सप्टेंबर हाच काळ. पावसाळ्यात नद्या रस्त्यावरून वाहतात आणि गिब रिव्हर रोड बंद होतो. यंदाच्या हंगामात आम्ही दोघं तिथे कॅनव्हासच्या डबल स्वॅगमध्ये झोपलो. स्वॅग म्हणजे गादीसकट गुंडाळता येणारा बुटका तंबू. या रस्त्यासाठी मी आता दुसरं काही घेणार नाही.

डर्बी ते कुनुनुरा साधारण 660 किलोमीटर, बराचसा मातीचा, पन्हाळी पत्र्यासारखा. टायरमधली हवा कमी केली तरी सामानाचे स्क्रू सैल होतात. स्वॅगमध्ये सैल होण्यासारखं फारसं नाहीच. बंडिलंगन (विंडजाना) घळीजवळच्या मुक्कामाच्या तळावर जमीन इतकी कडक की खुंट्या ठोकणं जिवावर येतं. तीन कमानींचा स्वॅग मात्र खुंट्यांशिवाय उभा राहतो. वरची झडप बांधून ठेवली की पहाटे जाळीतून तो चुनखडीचा कडा दिसतो. 35 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी हा समुद्रातला प्रवाळ होता! अंथरुणातच पडून तो उजळताना पाहावा.

नवा कॅनव्हास दोन-तीनदा भिजवून कडकडीत वाळवा. धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात. ओला गुंडाळलात तर बुरशी धरलीच. लाल धूळ चेनमध्ये हमखास जाते. आम्ही रोज ब्रशने झाडून मेणबत्ती घासायचो, म्हणून चेन अजून सुरळीत आहे.

किंबर्लीच्या कोरड्या हवेत आत दमटपणा जाणवला नाही. पर्थच्या दक्षिणेला हिवाळ्यात मात्र श्वासाची वाफ छताला धरून गादीवर टपकते, तेव्हा दोन्हीकडच्या खिडक्या थोड्या उघड्या हव्यातच.

वजन 18 किलो, आणि गुंडाळी एवढी जाड की टपावरच न्यावी लागते. सोबतची 5 सेंटिमीटरची गादी दोन महिन्यांत दबली. 7 सेंटिमीटरचा दाट फोम घातल्यावर माझ्या बायकोची कंबर दुखायची थांबली.

पेंटेकॉस्टसारख्या नदीकाठी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. तिथे स्वॅग काठापासून किमान 50 मीटर लांब आणि उंचावर टाका. आत नीट बसता येत नाही, कपडे बदलायचे तर बाहेरच. लहान मुलं बरोबर असतील तर मोठा तंबूच न्या.