दादा ८४ किलो, मी ५२: बिले द्यायचा कसा?

रत्नागिरीजवळच्या कड्यावर लीड करताना, म्हणजे पुढे राहून वाटेतल्या बोल्टमध्ये दोर अडकवत चढताना, दादा (माझा मामेभाऊ) घसरला. खालून बिले मी देत होते, म्हणजे त्याचा दोर सांभाळत होते. मी दोर सोडला नाही, पण पाय जमिनीवरून सुटले, सरळ पहिल्या क्विकड्रॉपर्यंत (बोल्टला दोर अडकवायच्या कड्यांच्या जोडीपर्यंत) वर गेले आणि दोन बोटं त्यात चेमटली. तेव्हापासून आम्ही सगळे उपाय करून पाहिलेत.

आधी हिशेब. वरच्या कॅराबिनरवर (कडीवर) दोर घासतो, त्यामुळे लटकलेल्याच्या वजनाची साधारण ६० टक्के ओढच खाली येते. ८४ चे झाले ५०. म्हणजे दादा नुसता लटकला तर मी कशीबशी पुरते, पडला की नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बोल्टजवळचं पडणं: मी जितकी वर जाते तितका तो जास्त खाली येतो, आणि खाली खडक असतो.

जमिनीला बांधून घेणं सगळ्यात स्वस्त. झाड किंवा पक्का धोंडा हा अँकर, त्याला स्लिंग (पट्ट्याचा फास), आणि गाठ माझ्या बिले लूपला, म्हणजे कमरपट्ट्याच्या पुढच्या फासाला. मी अँकर आणि पहिला बोल्ट यांच्या सरळ रेषेत हवी, नाहीतर झटक्याने फिरते. टॉप रोपला, म्हणजे दोर आधीच वरून लावलेला असतो तेव्हा, हे उत्तम. लीडला मात्र मी हललेच नाही, तर झटका कडक बसतो आणि वरच्या बोल्टवर भार वाढतो. खाऱ्या हवेतला बोल्ट बाहेरून बरा दिसून आतून गेलेला असू शकतो, तिथे हे मला नको वाटतं. बांधायचंच तर थोडी ढील ठेवून.

वजन लटकवणं हा त्याचाच भाऊ. आम्ही आधी चिरा बांधला; जांभ्याच्या खरखरीत कडेने एका दुपारीत स्लिंगचे धागे निघाले. मग वाळूची पिशवी आणली. मी उचलली गेले तरी ती हळूहळू उठते, म्हणून झटका मऊ राहतो. पण पिशवी वाहून न्यायची कोणी, यावरून भांडण ठरलेलं.

एडेलरिड कंपनीचा ओहम (दोराला अडवणारं साधन) पहिल्या बोल्टवर क्विकड्रॉच्या जागी लागतो. पडल्यावर दोर त्यात दाबला जातो, ओढ कमी होते. बोल्ट असलेल्या लीड रूटसाठी (चढायच्या वाटेसाठी) माझी पसंती हीच. मात्र बोल्टच्या अगदी खाली न राहता थोडं बाजूला उभं राहायचं, तरच तो नीट पकडतो. पहिला बोल्ट लागेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. नट-फ्रेंडवर (फटीत बसवायच्या काढत्या साधनांवर) किंवा गंजक्या पेगवर (खडकात ठोकलेल्या खिळ्यावर) तो लावू नये.

मग पेगवाल्या रूटवर काय? तिथे लीड मी करते. वर पक्का अँकर बांधून, बिले डिव्हाइस (दोर रोखायचं साधन) थेट अँकरलाच लावून दादाला वर घेते. ओढ अँकरवर, माझ्या कमरेवर नाही. वजनाचा प्रश्नच उरत नाही. नवीन सामान घ्यायच्या आधी हे करून बघा. फक्त लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, तेव्हा दोराला किती हिसके म्हणजे काय, हे खालीच ठरवून ठेवायचं.

आता मी लीडला आणि खाली ८४ किलो. दादा खांबासारखा उभा राहिला तर मी भिंतीवर आपटते. घोट्याने ते एकदा अनुभवलंय. म्हणून दोर ताणला जाताक्षणी त्याने एक पाऊल पुढे यायचं किंवा हलकी उडी मारायची. पहिल्या दोन बोल्टपर्यंत मात्र नाही.