प्रोग्रामर कुठे शोधावा: नोकरी पोर्टल की गिटहब?

प्रोग्रामर हवा असला की पहिली आठवण नोकरी डॉट कॉमची येते. १९९७ पासूनचं पोर्टल. जाहिरात टाकली की बायोडेटांचा ढीग पडतो. पण सगळे सारखेच दिसतात, आणि चाळण्यात दिवस जातात.

२००८ साली सुरू झालेल्या गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात आणि एकमेकांच्या कोडमध्ये बदल सुचवतात त्या साइटवर, माणूस आधी कामातून दिसतो: बग (कोडमधली चूक) कसा शोधला, बदल सुचवताना काय लिहिलं, कुणी चूक दाखवल्यावर उत्तर कसं दिलं. हे शेवटचं मी सर्वात आधी वाचते; तासाभराच्या मुलाखतीत ते कळत नाही. मात्र घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या कितीतरी हुशार मुलींना हौसेचा कोड लिहायला वेळच उरत नाही. त्यांचं खातं रिकामं दिसतं. म्हणून मी गिटहब आधी उघडते, पण रिकाम्या खात्यावरून कुणाला नाकारत नाही. अकाउंट्सच्या कामासाठी माणूस हवा असेल तर मात्र पोर्टलच बरं.