दूध सोडलं, खर्च वाढला नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी मात्र चुकवायची नाही

गेल्या दिवाळीनंतर मी दूध, दही, तूप, पनीर आणि मध बंद केलं, म्हणजे व्हीगन झाले, प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही. मांसाहार घरात पूर्वीपासूनच नव्हता. गोठ्यातल्या नर वासरांचं पुढे काय होतं ते कळलं आणि दुधाचा घोट घेववेना, एवढंच कारण. तेव्हापासून भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो, अशक्तपणा येत नाही का आणि हे परवडतं कसं. आता आंब्याचा मोसम सरत आलाय, म्हणजे दोन्हींवर अनुभवानं बोलता येईल.

आधी पैशांचं. खोक्यातलं बदामाचं पेय लिटरला अडीचशे-तीनशेच्या घरात जातं आणि व्हीगन चीज त्याहून महाग. रोजच्या वापराला हे घेऊ नका. मी सोयाबीनचं दूध घरी काढते. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवायचं, चोळून सालं काढायची आणि उकळतं पाणी घालून वाटायचं. झाकण जपून धरा, वाफ अंगावर येते. पण पाणी उकळतंच हवं. गार पाण्यात वाटलं की जो उग्र, कच्चट वास येतो तो वेलची घालूनही जात नाही. मग गाळून पंधरा-वीस मिनिटं ढवळत उकळायचं, कारण कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. लिटरभर दूध निघतं आणि सोयाबीनला दहा-बारा रुपये पडतात. चोथा थालीपिठाच्या पिठात मळते, खमंग होतं.

दह्याबाबत मी अजून समाधानी नाही. शेंगदाण्याच्या दुधाला हिरव्या मिरच्यांचे देठ घालून विरजते. दहीभाताला चालतं, पण कढीला ती चव नाही. कढीची जागा आमच्याकडे सोलकढीनं घेतली.

बाकी पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, अळूचं फतफतं, कुळथाची पिठी हे सगळं मुळातच व्हीगन आहे. पुरणपोळीबरोबर कोकणात नारळाचा रस घेतातच. किराण्यात डाळी, कडधान्यं आणि शेंगदाणे वाढले, दूध-तुपाचं बिल गेलं. हिशोब जवळपास तिथेच राहिला. प्रथिनांची चिंता मी सोडून दिली. दिवसातून दोनदा डाळ किंवा उसळ असते, सोबत भाकरी असते, त्यात भागतं. पहिले काही आठवडे पोट फुगायचं. मोड आणून, हिंग घालून शिजवायला लागल्यावर ते थांबलं.

आता खरी काळजीची गोष्ट, बी-१२. ते जिवाणू तयार करतात आणि वनस्पतींमधून भरवशानं मिळत नाही. आंबवलेल्या इडलीतून किंवा स्पिरुलिना नावाच्या शेवाळातून मिळतं असं मलाही सांगितलं गेलं. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी बी-१२सारखं दिसणारं, शरीराला निरुपयोगी द्रव्य. मी बदलाआधीच रक्त तपासून घेतलं, आणि रोज दूध पिऊनही माझं बी-१२ कमीच निघालं. आपल्याकडे हे सर्रास आढळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यातही कितीतरी मातांमध्ये ही कमतरता दिसली. म्हणून गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आहार सुरू करू नये, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

रोजची गरज जेमतेम सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅम, मग आठवड्याची गोळी २००० मायक्रोग्रॅमची का, हे मी डॉक्टरांना विचारलं. शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं आणि त्यावरच्या मात्रेतलं शेकडा एकच्या आसपास आत जातं, म्हणून आकडा एवढा मोठा. शिवाय डाळी-पालेभाज्यांमुळे आपल्या पोटात फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व भरपूर जातं. त्यानं बी-१२च्या कमतरतेचा रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान मात्र आत चालू राहतं. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नका. गोळ्यांचा महिन्याचा खर्च आमच्या जुन्या दुधाच्या आठवड्याच्या बिलाहूनही कमी आहे. गेल्या तपासणीत माझं बी-१२ व्यवस्थित वर आलं, हिमोग्लोबिन होतं तिथेच आहे.

कॅल्शियमला घरचं सोयादूध पुरत नाही. विकतच्यात ते वरून घातलेलं असतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तितक्याच दुधात १२०. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून सकाळी आंबील, जेवणात तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला असं मी वाटून घेते. पालकावर विसंबू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळते आणि जेवणावर लगेच चहा घेत नाही. मीठ आयोडीनचंच ठेवलंय. दूधही बंद आणि मीठही सैंधव, असं झालं तर आयोडीन कुठून येणार?

ड जीवनसत्त्व घेताना नीट बघा. नेहमीचं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात, कॅप्सूलचं आवरणही जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं, असू शकतं. दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून केलेलं डी-३ मिळतं, पण महाग. माझ्या खर्चातली ही एकच गोष्ट खरोखर खुपते.

बाहेर खाताना हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, दुधाच्या पदार्थांनाही तो असतो. २०२२च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांना वेगळं चिन्ह आहे, पण आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते क्वचितच दिसतं. घटकांच्या यादीत दुधाची भुकटी, व्हे, केसीन असे दुधातले घटक शोधा. नानच्या पिठात दही असतं, बेकरीत लोणी. विचारलं तर लोक सांगतात. लांबच्या प्रवासाला मी गुळाची चिक्की, फुटाणे आणि तेलावरच्या दशम्या बरोबर घेते.