भाडे-कॅलेंडर एका हिवाळ्याच्या वापरानंतर: खान्देशातून गुलमर्गच्या स्की सहलीचे दिवस ठरवताना

तिकिटाच्या अॅपमध्ये तारखांच्या चौकटींत विमानभाडं दिसतं आणि स्वस्त दिवस हिरवा होतो. ते भाडे-कॅलेंडर आणि त्यातली भाव-सूचना, म्हणजे भाडं बदललं की फोनवर येणारा मेसेज, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जळगाव-भुसावळकडच्या मंडळींच्या स्की सहली ठरवण्यासाठी सतत वापरली. पाचपैकी साडेतीन तारे. भाडं दाखवायला ते चांगलं आहे. मात्र दिवस त्याच्यावर सोडले तर पैसे वाचतात आणि स्कीइंग हातचं जातं.

कारण सरळ आहे. दिल्ली-श्रीनगर मार्गावर हिरव्या चौकटी बहुतेक वेळा मंगळवार-बुधवारी येतात. मंगळवारी उतरलात तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार मिळतात आणि चौथा दिवस शनिवार येतो. शनिवार-रविवारी श्रीनगर आणि आसपासची गर्दी गुलमर्गला लोटते. पायथ्याच्या तंगमर्ग गावापासून वरच्या तेरा किलोमीटरच्या घाटात गाड्या अडकतात, गंडोलाची, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेची, रांग वाढते, भाड्याच्या स्की बुटांत मधली मापं सकाळीच संपतात. नवशिक्याला सलग निदान तीन, शक्यतो चार दिवस लागतात. पहिला दिवस बूट-स्कीची सवय होण्यात आणि पडून उठायला शिकण्यात जातो. दुसऱ्या दिवशी स्नो-प्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करणं, जमायला लागतं. वळणं तिसऱ्या दिवशी जमतात. चौथा दिवस गर्दीत गेला की ऐन जमायच्या वेळीच उतार मोकळा मिळत नाही.

म्हणून आधी स्कीचे वार ठरवा, मग कॅलेंडर उघडा. खान्देशातून सर्वांत चांगली बसलेली मांडणी अशी: शुक्रवारी दुपार-संध्याकाळची भुसावळहून दिल्लीकडे जाणारी गाडी, शनिवारी दिल्लीत मुक्काम, रविवारी दुपारचं श्रीनगरचं विमान, रात्री तंगमर्ग किंवा गुलमर्ग. सोमवार ते गुरुवार उतारावर. शुक्रवारी दुपारी श्रीनगरहून दिल्ली, शनिवार राखीव, शनिवारी रात्रीची गाडी, रविवारी घरी. नोकरदाराला पाच रजा पुरतात, गाडी दुपारची असेल तर पहिल्या शुक्रवारची अर्धी रजा वेगळी. रविवारी शनिवार-रविवारचे पर्यटक परतत असतात आणि शुक्रवारी नवे येत असतात, म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही लोंढ्याच्या उलट दिशेने जाता. या जोडीचं भाडं मंगळवारच्या हिरव्या चौकटीहून थोडं जास्त दिसलं तरी घ्यावं.

आता कॅलेंडर वापरायची पद्धत. शोध 'जळगाव ते श्रीनगर' असा टाकू नका. जोड विमानांचे विचित्र पर्याय येतात आणि रेल्वेचा टप्पा त्याला कळतच नाही. दिल्ली-श्रीनगर आणि मुंबई-श्रीनगर असे वेगळे शोध करा. धुळेकरांनी नाशिक आणि इंदूर, नंदुरबारकरांनी सुरत इथून दिल्लीला जाण्याचा हिशेबही मांडून बघावा. 'नॉन-स्टॉप'ची खूण केल्याशिवाय चौकटींवर विश्वास ठेवू नका, कारण स्वस्त चौकट अनेकदा मध्ये थांबणाऱ्या विमानाची असते. भाव-सूचना अख्ख्या महिन्यावर लावली तर फोन दिवसभर वाजत राहतो आणि आपण बघायचं सोडून देतो. तीन रविवार-शुक्रवार जोड्या निवडा, तेवढ्यांवरच लावा.

एक गोष्ट कुटुंबवाल्यांनी नीट बघावी. कॅलेंडर भाव एका प्रवाशाचा दाखवतं. विमानात प्रत्येक भाडेश्रेणीच्या जागा मोजक्या असतात. स्वस्त श्रेणीत दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चौघांचा शोध केलात, तर चौघांनाही वरच्या श्रेणीचा भाव लागतो. अशा वेळी दोन-दोनचे शोध करून बघा, फरक तिथल्या तिथे दिसतो. मात्र तिकिटं दोन पीएनआरवर येतात. विमान रद्द झालं तर दोन्ही पीएनआर एकाच पर्यायी विमानात बसवून घेण्याची धावपळ तुमची. लहान मुलं असतील तर प्रत्येक पीएनआरमध्ये एक मोठं माणूस ठेवा. बहुतेक कंपन्यांत साध्या भाड्यात १५ किलो सामान मिळतं. जाड कपड्यांची बॅग तेवढ्यात भरते, त्यामुळे स्की आणि बूट तिथेच भाड्याने घेणं बरं.

वेळेचा मुद्दा तारखेइतकाच महत्त्वाचा, आणि कॅलेंडरला तो अजिबात कळत नाही. डिसेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दिल्लीत सकाळचं धुकं असतं. पहाटेचं विमान स्वस्त दिसतं, लटकतंही तेच. अकरानंतरचं घ्या. त्यातही प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्यात दिल्लीचं हवाई क्षेत्र सकाळी काही तास बंद ठेवतात. २०२५ मध्ये १९ ते २६ जानेवारी रोज १०.२० ते १२.४५ असं ते होतं. त्या आठवड्यात दुपारी दोननंतरचंच बघा. परतीला उलट: दिवसातलं शेवटचं विमान टाळा. श्रीनगरला बर्फ किंवा कमी दृश्यमानतेमुळे ते रद्द झालं की त्या दिवशी दुसरा पर्याय राहत नाही. हवामानामुळे विमान रद्द झालं तर परतावा किंवा पुढचं विमान मिळतं, वर नुकसानभरपाई नाही. हॉटेल आणि सुटलेली रेल्वे तुमच्या खिशातून. वरच्या मांडणीत शनिवार राखीव आहे तो यासाठीच. तो कापून एका दिवसाची बचत करू नका. श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावरच सगळ्यांना गाडीतून उतरवून बॅगा तपासतात, आत पुन्हा तपासणी होते. तीन तास आधी पोचा.

रेल्वे आणि विमानाचं आरक्षण एकाच दिवशी उघडत नाही, आणि गोंधळ इथे होतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. २२ फेब्रुवारीच्या गाडीचं आरक्षण २४ डिसेंबरला सकाळी आठला उघडेल. विमान त्याच्या बरंच आधी विक्रीला असतं. आधी विमान घ्या, मग साठाव्या दिवशी सकाळी गाडी. भुसावळ-दिल्ली सोळा-अठरा तासांचं अंतर असलं तरी धुक्यात मथुरेच्या पुढे गाडी किती रखडेल याचा नेम नसतो. गाडी आणि विमान एकाच दिवशी जोडू नका.

महिना कोणता? चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीचे, चाळीस दिवस २१ डिसेंबरपासून सुरू होतात, म्हणून लोक नाताळातच धावतात. तेव्हा भाडं सर्वांत चढं आणि बर्फाचा थर बऱ्याचदा पातळ. बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणालींमुळे, आणि ते दिनदर्शिका बघून येत नाहीत. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, बर्फ महिनाअखेरीस आला. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून गुलमर्गमधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या. तरीही आमची पसंती फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. नवशिक्यांना मार्चचा पहिला आठवडाही चालतो: दिवस मोठा, थंडी सोसवते. फक्त दुपारी बर्फ मऊ पडतो, म्हणून शिकणं सकाळी उरकावं. घरात बारावीचं मूल असेल तर फेब्रुवारी बाद. मग संक्रांतीनंतरचा आठवडा धरा. कापूस वेचणी तोवर बहुतेक आटोपलेली असते, रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी मात्र कटाईचं बघूनच तारीख घ्यावी.

हवामानाचा अंदाज चार-पाच दिवसांपर्यंत भरवशाचा. त्यावर तिकीट काढता येत नाही, पण पोचल्यावर दिवस कसे वाटायचे ते ठरवता येतं. बर्फ पडत असताना समोरचं दिसत नाही, त्या दिवशी खालच्या सपाट उतारावर सराव करा. नवशिक्यांना गंडोला लागतही नाही. जोरदार बर्फानंतर पहिल्या उघडीपीला गंडोलाचा वरचा, अफरवत शिखराकडचा टप्पा उशिरा उघडतो किंवा बंदच राहतो, कारण आधी हिमस्खलनाचा धोका काढावा लागतो. सोसाट्याच्या वाऱ्यातही तोच बंद पडतो. गंडोलाचं तिकीट ऑनलाइन आणि विशिष्ट तारखेचं असतं. मुक्कामाच्या मधल्या दिवसाचं काढा, पहिल्या-शेवटच्या दिवसाचं नको. बर्फात तंगमर्गहून वर फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळी लावलेली गाडी सोडतात. ते भाडं वेगळं धरा.

उत्तराखंडातल्या औलीच्या स्की उतारांसाठी कॅलेंडरचा फारसा उपयोग नाही. ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस घाटात, आणि जोशीमठचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये तिथली जमीन खचल्यापासून बंद.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. भाव-सूचना, बँकेचा ओटीपी, विमान रद्द झाल्याचा मेसेज, सगळं त्याच नंबरवर. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, आणि तिकिटं काढताना तोच नंबर द्यावा. विमानं सलग रद्द होऊ लागली तर जून २०२५ पासून श्रीनगर-कटरा वंदे भारत आहे, साधारण तीन तासांत जम्मूच्या बाजूला उतरवते. पुढे जम्मूतवीहून झेलम एक्स्प्रेस थेट भुसावळ-जळगावला येते, तीसेक तास लागतात. विमान हललं नाही तर त्याच संध्याकाळी पोस्टपेड फोनवरून या दोन्ही गाड्यांच्या जागा बघायला घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विमानतळावरची सगळी रांग त्याच तिकिटांच्या मागे असते.