शोस्ताकोविचची चौदावी : बार्शाय की हायटिंक?

रशियन संगीतकार शोस्ताकोविचची चौदावी सिम्फनी म्हणजे दोन गायक आणि छोट्या वाद्यवृंदासाठी बांधलेल्या कविता. तिचं एकच ध्वनिमुद्रण घ्यायचं तर निवड बहुधा या दोघांत अडते. एकीकडे वाद्यवृंद-संचालक रुडॉल्फ बार्शाय आणि त्यांचा मॉस्को चेंबर ऑर्केस्ट्रा, गायला मिरोश्निकोवा आणि व्लादिमिरोव. दुसरीकडे संचालक बर्नार्ड हायटिंक, ॲमस्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंद, गायला युलिया वाराडी आणि फिशर-डिस्काऊ. मी दोन्ही बरेच महिने आलटूनपालटून ऐकली.

मुद्रणाच्या स्वच्छतेत हायटिंक सरस, यात वाद नाही. सुरुवातीला व्हायोलिन एकटीच वरच्या पट्टीत चालतात, ती तिथे अगदी मोकळी ऐकू येतात. बार्शायच्या जुन्या टेपवर त्याच सुरांना जरा धार येते आणि हेडफोनवर ती जाणवते. ‘लोरेलाय’ या भागातला चाबूकही (चाबकासारखा आवाज काढणारं तालवाद्य) हायटिंककडे जास्त दचकवतो.

तरी माझं गाडं भाषेवर अडलं. बार्शायकडे सगळ्या कविता रशियनमध्ये आहेत. हायटिंककडे ज्या त्या कवीची मूळ भाषा: लोर्का स्पॅनिशमध्ये, आपोलिनेर फ्रेंचमध्ये, रिल्के जर्मनमध्ये. ही सोय खुद्द शोस्ताकोविचला मान्य होती, त्यामुळे तिला चूक म्हणता येत नाही. कागदावर मलाही तेच योग्य वाटलं होतं. पण चौथा भाग ऐका. आत्महत्या केलेल्या माणसाच्या क्रूस नसलेल्या थडग्यावर तीन लिली उगवल्यात. सोबतीला एकटा चेलो. रशियनमध्ये ध्रुपद येतं, ‘त्री लीलिई, त्री लीलिई’. फ्रेंचमध्ये तेच ‘त्रुआ ग्राँ लिस’. चार अक्षरांच्या जागी तीन. त्या ‘ली-लि-ई’वर आवाज जो हळूच घसरतो, तो एका ‘लिस’मध्ये मावत नाही. बंदिशीत समेवरचं अक्षर बदललं की चीज हलते, तसंच हे. वाराडी सुरेखच गातात, पण दर वेळी त्या ओळीला माझं लक्ष गाण्यावरून उडून जोडकामाकडे जायचं. मला रशियन येत नाही, भाषांतराचा कागद मांडीवर घेऊनच ऐकतो. तरी फरक कानाला कळतो.

आणखी एक, कदाचित माझ्यापुरतंच. खालची गायकी बाससाठी, म्हणजे पुरुषाच्या सर्वांत खालच्या आवाजासाठी लिहिलेली आहे आणि फिशर-डिस्काऊ बॅरिटोन, त्याहून जरा वरचा. शब्दफेक लाजवाब, पण ‘ओ डेल्विग’ या भागात तळाला जो जडपणा हवा, तो मला व्लादिमिरोवकडे मिळाला. शिवाय २९ सप्टेंबर १९६९ ला लेनिनग्राडमध्ये पहिला जाहीर प्रयोग केला तो बार्शाय यांनीच, याच वाद्यवृंदासह. रचना अवघ्या एकोणीस तंतुवाद्यांची आणि थोड्या तालवाद्यांची. एवढ्याशा संचात एकमेकांचा श्वास ओळखणारे वादक बसलेत, हे शेवटच्या भागातल्या त्या धडधडत वाढणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या स्वरसमूहात स्पष्ट कळतं.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रासह १९७० मध्ये केलेला प्रत्यक्ष कार्यक्रमही मिळतो, विश्नेव्स्काया आणि रेशेतिन यांचा. सिम्फनी ब्रिटनलाच अर्पण केलेली, म्हणून तो कार्यक्रम जरूर ऐकावा, पण पहिल्या खरेदीसाठी नाही.

ध्वनीची स्वच्छता तुम्हाला सर्वांत महत्त्वाची असेल तर हायटिंक घ्या, पस्तावणार नाही. माझ्या घरी मात्र बार्शायच लागतो. ठरत नसेल तर दोघांचा फक्त चौथा भाग लागोपाठ लावून बघा, आधी रशियन, मग फ्रेंच.