रक्तदाबाची जोडगोळी: ‘एच’, ‘सीटी’ की पोटॅशियम राखणारी?

एका औषधाने रक्तदाब आटोक्यात येत नाही, तेव्हा डॉक्टर बहुधा दोन औषधांची एकच गोळी लिहून देतात आणि त्यांतले एक अनेकदा लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारे असते. पट्टीवर नावापुढे ‘एच’ असेल तर सहसा हायड्रोक्लोरोथायझाइड असते आणि ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन. ‘एएम’मध्ये मात्र अम्लोडिपिन असते, ते लघवीचे औषध नव्हे. माझ्या आईच्या डब्यात एकदा ‘एच’ आणि ‘एएम’ अशा दोन पट्ट्या निघाल्या. दोन्हींत टेल्मीसार्टन हे रक्तदाबाचे मूळ औषध ४० मिलिग्रॅम होते, म्हणजे ते औषध ती रोज दुप्पट घेत होती. म्हणून आधी पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत.

‘एच’ आणि ‘सीटी’ यांत क्लोरथॅलिडोनचा असर जास्त तास टिकतो. अमेरिकेतील तेरा हजारांहून अधिक ज्येष्ठ माजी सैनिकांवरील चाचणीत (निष्कर्ष २०२२) हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात दोन्ही औषधे सारखीच ठरली, पण क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांत पोटॅशियम कमी होण्याचे प्रमाण थोडे अधिक दिसले. त्यामुळे ‘एच’ने रक्तदाब नीट राहत असेल, तर केवळ नवे म्हणून ‘सीटी’ मागण्यात मला अर्थ दिसत नाही. दोन्हींनी युरिक अॅसिड आणि साखर वाढू शकते. गाऊट, म्हणजे युरिक अॅसिडमुळे होणारा संधिवात असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

खरा फरक तिसऱ्या जोडीत आहे. अमिलोराइड किंवा ट्रायमटेरीन यांची हायड्रोक्लोरोथायझाइडशी जोडी शरीरातले पोटॅशियम राखते, म्हणून ज्यांचे पोटॅशियम वारंवार घटते त्यांना ती उपयोगी पडते. मात्र मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा टेल्मीसार्टन वा रामिप्रिल (हेही रक्तदाबाचेच औषध) आधीच चालू असेल, तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि त्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. केळ्यात पोटॅशियम असते, म्हणून जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे लोक विचारतात, मग केळी बंद करायची का? मूत्रपिंड ठीक असेल तर जेवणातल्या एखाद्या केळ्याची भीती नको. मला जास्त काळजी वाटते ती ‘कमी सोडियम’च्या मिठाची, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते आणि घरात ते पथ्याचे म्हणून बिनधास्त वापरले जाते. उलट पापड, बिबडे आणि लोणचे रोज पानात असतील, तर कोणत्याही जोडीचा असर मिठापुढे कमी पडतो.

आपल्या भागात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा या गोळ्यांची परीक्षा होते. दिवसभर शेतात घाम गाळलेला असताना किंवा जुलाब-उलट्या चालू असताना हीच गोळी शरीर कोरडे पाडते. उठताना चक्कर, पायांत गोळे, ग्लानी दिसली, तर पुढची गोळी घ्यावी की नाही हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन स्वतःहून जोडू नये. टेल्मीसार्टन, लघवीचे औषध आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. टेल्मीसार्टनची जोडी गरोदरपणात चालत नाही.

गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री अंधारात उठावे लागत नाही. रक्तातले सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळते ती तपासणी) गोळी सुरू करण्यापूर्वी, नंतर दोन ते चार आठवड्यांनी आणि जोडी बदलली की पुन्हा तपासावे. आईचा रिपोर्ट आम्ही आता दरवर्षी उन्हाळा लागण्याआधी, फेब्रुवारीतच काढून घेतो.