‘रात्री साडेनऊला लाईट तोडणार’ : हेस्कॉमच्या नावानं येणारा फोन

मेसेज ठरलेला असतो. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री ९.३० वाजता तुमचं कनेक्शन तोडलं जाईल, ताबडतोब अधिकाऱ्यांना फोन करा. खाली दहा आकडी मोबाईल नंबर. व्हॉट्सॲपवर आला तर डीपीला हेस्कॉमचं, म्हणजे बेळगाव भागाला वीज पुरवणाऱ्या कर्नाटकच्या सरकारी कंपनीचं, चिन्ह. हाच मेसेज २०२२ पासून देशभर फिरतो आहे. राज्य बदललं की वीज कंपनीचं नाव तेवढं बदलतं. सिम महाराष्ट्राचं असेल तर महावितरणच्या नावानंही येऊ शकतो. घर निपाणीत आणि मीटर हेस्कॉमचा असला तरी घाबरलेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही.

या मेसेजमधला कळीचा शब्द आहे ‘अपडेट’. बिल भरलं नाही, असं तो म्हणतच नाही. तसं म्हटलं तर भरलेला माणूस हसून मेसेज पुसून टाकेल. ‘अपडेट झालेलं नाही’ म्हटलं की ज्यानं वेळेत बिल भरलंय तोच जास्त अस्वस्थ होतो. पैसे गेले, पावती आहे, तरी ऑफिसच्या कॉम्प्युटरात चढलं नसेल, असं त्याला वाटतं. वेळही विचार करून निवडलेली असते. संध्याकाळी सेक्शन ऑफिस बंद झालेलं, लाईनमन घरी गेलेला, घरात म्हातारी माणसं किंवा परीक्षेला बसलेलं पोर. विचारायला जायचं तर सकाळपर्यंत थांबावं लागणार, आणि थांबायचं नाही हाच तर मेसेजचा हेतू.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज दुपारी मेसेज आणि रात्री साडेनऊला तोड, असं होत नाही. हे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ असलं तर निम्मं काम झालं.

आता फोनवर काय होतं ते. पलीकडचा माणूस आधी तुमचं नाव सांगतो, आर. आर. नंबर (बिलावरचा कनेक्शनचा नंबर) सांगतो, बिलाची रक्कमही सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच बसतो. ‘एवढं सगळं माहीत आहे म्हणजे ऑफिसातलाच असणार.’ ही समजूत चुकीची आहे. बिलावर छापलेला हेस्कॉमचा अकाउंट आयडी हाती असला की कुठल्याही पेमेंट ॲपमध्ये तो टाकून कुणालाही बिल बघता येतं. बऱ्याच ॲपमध्ये रकमेबरोबर ग्राहकाचं नावही दिसतं. त्यासाठी ऑफिसात नोकरी लागत नाही.

अकाउंट आयडी त्याच्याकडे जातो कसा? आपल्या बेळगाव भागात त्याला एक खास वाट आहे. मीटर रीडर दारात मशीनमधून काढून देतो ती बिलाची पट्टी कन्नडमध्ये असते. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, उचगावकडे, खानापूर तालुक्यात कितीतरी घरांत ती नीट वाचता येत नाही. मग पट्टीचा फोटो काढून गल्लीच्या किंवा मंडळाच्या ग्रुपवर टाकला जातो : ‘ह्यात काय लिहिलंय, कुणी सांगा.’ दोनशे जणांच्या ग्रुपवर नाव, पत्ता, आर. आर. नंबर, अकाउंट आयडी, सगळं एका फोटोत. ज्या नंबरवरून तो टाकला तो नंबरही सोबत. गरज खरी आहे, तेव्हा फोटो टाकू नका एवढंच सांगून भागत नाही. चार-पाच शब्द ओळखता आले की पट्टी वाचता येते. ‘हिंदिन बाकी’ म्हणजे मागची बाकी. ‘बड्डी’ म्हणजे व्याज. ‘ओट्टु’ म्हणजे एकूण. ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. बाकी आपलाच शब्द, तो दोन्हीकडे सारखा. त्याच्यापुढे शून्य असेल तर कुणाच्याही ‘अपडेट’ची गरज नाही. फोटो टाकायचाच असेल तर वरचा नाव-नंबरांचा भाग अंगठ्याखाली झाकून काढा.

बोलीवरून ओळखू, असंही कुणी म्हणतं. ‘जाऊलाय, येऊलाय’ म्हणणारा आपला, पुस्तकी मराठी किंवा हिंदी बोलणारा परका. यावर विसंबू नये. आपली बोली बोलणारा भामटा असू शकतो आणि कन्नडशिवाय दुसरं न येणारा खरा कर्मचारीही असू शकतो.

विश्वास बसला की मागणी येते, आणि ती अगदी लहान असते : दहा रुपये. ‘दहा रुपये भरा, सिस्टीम रिफ्रेश होईल, पुढच्या बिलात वळते होतील.’ इथून दोन फाटे फुटतात.

पहिल्यात एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट यांसारखं ॲप घ्यायला लावतात. ही ॲप्स स्वतः खोटी नाहीत, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे ती रोज वापरतात. पण त्यातला आकडी कोड सांगितला आणि परवानगी दिली की आपला स्क्रीन त्याला दिसायला लागतो. बँकेचं ॲप बऱ्याचदा त्याच्याकडे काळं दिसतं. वर सरकत येणारा ओटीपीचा मेसेज मात्र दिसतो. कार्डाचे १६ आकडे, मुदत आणि मागचे तीन आकडे आपण एखाद्या फॉर्मवर भरत असू तर तेही दिसतात.

दुसऱ्या फाट्यात व्हॉट्सॲपवर फाईल येते. नाव ‘बिल अपडेट’ किंवा तसलंच, शेवटी ‘.एपीके’. बिल कधीही एपीके नसतं; बिल पीडीएफ असतं, फोटो असतो किंवा कागद असतो. एपीके म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून बसवायचं ॲप. अँड्रॉइड तेव्हा ‘अनोळखी स्रोत’ म्हणून अडवतो, फोनवरचा माणूस ती अडवणूक काढायला शिकवतो. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की प्रत्येक ओटीपी आपल्याआधी त्याच्याकडे पोचतो. पुष्कळदा ॲपचं चिन्हही गायब होतं, म्हणून लोकांना वाटतं की ते बसलंच नाही.

दहा रुपयांसाठी भरायला लावलेल्या त्या फॉर्मवर पैसे कापलेच जात नाहीत. ‘सर्व्हर बिझी, दुसरं कार्ड वापरा’ असं येतं. सर्व्हर बिझी वगैरे काही नसतं, घरातल्या दुसऱ्या खात्याचीही माहिती काढायची असते. कार्डाची माहिती आणि ओटीपी हाती असला की नुसती खरेदीच होते असं नाही. अनेक बँकांत डेबिट कार्ड आणि ओटीपीच्या जोरावर नेटबँकिंगचा पासवर्ड नव्यानं बसवता येतो. दहा रुपयांवरून अख्खं खातं रिकामं होतं ते असं. मुदत ठेवही ऑनलाईन मोडता येते, हे फार जणांच्या ध्यानात नसतं.

हल्ली दुसरं निमित्त गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचं. १ जुलै २०२३ पासून २०० युनिटांच्या आत, घराच्या २०२२-२३ मधल्या सरासरीवर १० टक्के धरून वीज मोफत झाली, आणि बिल शून्य आलेल्या घराला ‘बिल थकलं’ म्हणून घाबरवता येईना. म्हणून आता ‘तुमची नोंदणी रद्द झाली आहे, आधार पुन्हा जोडा’ असा फोन. ही नोंदणी सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवर होते, अकाउंट आयडी आणि आधार यांच्या जोडणीनं, आणि त्यात बँक खातं किंवा कार्ड कुठेच येत नाही. सवलत थेट बिलात वजा होते. खात्यात पैसे यायचेच नाहीत तर खातं नंबर कशाला? यंत्रमाग असलेल्या घरांना ‘सबसिडी जमा करायची आहे’ असं सांगतात, तिथेही हाच प्रश्न विचारावा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही.

मीटर अजून आजोबांच्या नावावर असलेली घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. नावबदलाची भीती घालून कागद मागवणं सोपं जातं. नावबदल करायचाच असतो, पण तो सेक्शन ऑफिसात अर्ज देऊन. आधारची झेरॉक्स देताना शेवटचे चार आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा. झेरॉक्सवर आडवं लिहा : ‘फक्त वीज मीटर नावबदलासाठी’, तारीख, सही. झेरॉक्सच्या दुकानात आधारची पीडीएफ व्हॉट्सॲप केली तर ती दुकानाच्या कॉम्प्युटरात राहते, आणि तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं व जन्मवर्ष. नाव तर फाईलसोबत गेलेलंच असतं. समोर उभं राहून डाऊनलोड आणि रिसायकल बिन दोन्हीतून पुसायला लावा. आधारचं बायोमेट्रिक एमआधार ॲपमधून लॉक करून ठेवता येतं. रेशनला किंवा बँकेत अंगठा लावायच्या वेळी तात्पुरतं उघडायचं.

बिलाच्या माणसाला काय सांगायला हरकत नाही? आर. आर. नंबर, अकाउंट आयडी, पत्ता, मीटरवरचं रीडिंग. एवढ्यात त्याचं काम होतं. शंका असली तर फोन ठेवून १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरला आपण लावायचा. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेला मोबाईल नंबर लावू नये, तिथे भामट्यांनीच पेरलेले नंबर सापडतात. किंवा पेमेंट ॲपमध्ये स्वतः हेस्कॉम निवडून आयडी टाकायचा. बिलाची बाकी नाही असं दिसलं की विषय संपला.

पैसे गेलेच तर क्रम महत्त्वाचा, कारण रक्कम तासाभरात तीन-चार भाड्याच्या खात्यांतून फिरते. त्या फोनचं इंटरनेट बंद करा. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी ॲपच्या हाती लागणार नाही. तिथून ##००२# डायल केलं की कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ते सुटतात. मग बँकेला सांगून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग तिन्ही बंद करा. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन, हातात यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम. पुढच्या खात्यात उरलेली रक्कम तेवढी गोठवता येते, म्हणून ‘उद्या बँकेत जाऊन बघू’ हा सगळ्यात महाग निर्णय. फोन फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय पुन्हा त्यात बँकेचं ॲप घालू नका. पण रीसेटआधी मेसेज, नंबर, फाईलचं नाव यांचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ लिहिलेला क्रमांक बँकेकडून मागून घ्यावा. पोलिसांत घर बेळगावात, खातं कोल्हापुरात, भामटा कुठेतरी तिसरीकडे, म्हणून हद्दीचा वाद निघतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) ठाणं वेगळं असतं, पण जवळच्या ठाण्यानं ‘तिकडे जा’ म्हटलं तर हे कलम सांगावं.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, प्रोसेसिंग फी भरा.’ तोही त्यांच्यातलाच. त्याच्याकडे आता तुमच्या नुकसानीची नेमकी रक्कमही असते.